सळईचा बडग्या

केवलराम हटवारचा हात आधी आणि तोंड मागून, असं त्याच्या गल्लीत म्हणत. तुमसरकडच्या एका खेड्यातून तो विशीत भिलाईला आला, पोलादाच्या प्लांटमध्ये वेल्डर म्हणून चिकटला आणि जन्मभर लोखंडाला लोखंड जोडत राहिला. माणसं जोडायचं काम मात्र त्याला कधी जमलं नाही. युनियनच्या निवडणुकीत त्याने एकाचे दोन दात पाडले. सेक्टर दोनच्या क्वार्टरात असताना नळाच्या पाण्यावरून शेजारच्या शालिकरामला नालीत लोळवलं, आणि पुढे त्याच शालिकरामच्या पोरीच्या लग्नात आठ दिवस मंडपाखाली राबला. मनाने वाईट नव्हता. पण मनाने वाईट नसलेल्या माणसाचा मार कमी लागतो असं थोडंच आहे!

हे सगळ्यात जास्त ठाऊक होतं त्याच्या पोराला, नरेशला. बारावीत नरेश गणितात गेला, म्हणून केवलरामने त्याला एक ठेवून दिली. एकच, उजव्या कानावर. पडदा फाटला. पुढे नरेशने आयटीआय केलं, प्लांटच्या भरतीची लेखी परीक्षा पास केली आणि मेडिकलला त्या कानापायी बाद झाला. आता तो भिलाईतल्याच रिसालीत पाण्याचे जार वाटायचा छोटा हत्ती टेम्पो चालवतो. बापाशी तो कधी भांडला नाही, बापाला सोडून गेला नाही. फक्त बाप बोलायला लागला की तो उजवा कान पुढे करतो, म्हणजे काही ऐकू यायला नको.

नरेशची पोर गुंजन. पोरगी हुशार, आणि हुशारी लपवायचा शहाणपणा नसलेली. ती बी.एस्सी. झाली. पोराचं शिक्षण आपल्या हाताने मोडलं, नातीचं तरी आपल्या हाताने उभं करू, एवढी एकच गोष्ट केवलरामच्या डोक्यात पक्की होती. त्यासाठी रिसालीत घर बांधून सुखाने बसायच्या वयात, कागदावर बासष्ट आणि खरा सदुसष्टचा हा गडी, एका एजन्सीमार्फत जवळच्या युनिवर्सिटीच्या गेटावर दंडा घेऊन उभा राहिला. युनिवर्सिटीचं नाव मी सांगत नाही. नोटिसा पाठवायला त्यांच्याकडे वकील आहेत, माझ्याकडे नाहीत.

त्या उन्हाळ्यात युनिवर्सिटीने एक पत्रक काढलं. एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या चाळीस जागा होत्या, त्या बारा केल्या. कारण काय, तर दर्जा. फी जवळजवळ दुप्पट केली. कारण काय, तर सुविधा. आणि मुलींचं हॉस्टेल बंद केलं, कारण इमारत धोकादायक. आठ वर्षांची इमारत! तिच्यापेक्षा म्हातारे क्वार्टर सेक्टर दहात अजून पोरंबाळं सांभाळून उभे आहेत.

गुंजनचा नंबर एकोणिसावा लागला. बारांत ती बसत नव्हती. पण कर्मचाऱ्यांच्या घरच्या मुलांसाठी एक जागा वेगळी होती, तीही अर्ध्या फीवर. गेटावरच्या गार्डाची नातही त्यात धरत. हवं होतं फक्त एक ड्युटी सर्टिफिकेट, एजन्सीच्या सुपरवायझरच्या सहीचं. सुपरवायझर होता ओमप्रकाश. पस्तिशीचा, गॉगलवाला, आणि सही म्हणजे जणू आपल्या बापाची जमीन आहे अशा थाटात ती राखून ठेवणारा.

"हो जाएगा, केवलराम जी. पहले काम तो दिखाइए."

काम म्हणजे हॉस्टेल रिकामं करणं. जूनच्या भर दुपारी गार्डांनी खोल्याखोल्यांतून पेट्या ओढून बाहेर आणल्या. गाद्या वरच्या मजल्यावरून खाली फेकल्या. मुली रडत होत्या, शिव्या देत होत्या, फोनवर शूटिंग करत होत्या. डोंगरगडकडची टीना नावाची एक मुलगी आपल्या लोखंडी पेटीवर बसून राहिली. उठेचना. केवलरामने तिचं मनगट धरून पिरगाळलं आणि ती कळवळून उठली तशी पेटी पायाने जिन्यावरून ढकलून दिली. पेटी उघडली, पुस्तकं पायऱ्यापायऱ्यांवर पसरली.

संध्याकाळी हीच टीना ती पेटी रिक्षात घालून रिसालीच्या गल्ल्या फिरत होती. हॉस्टेल बंद झाल्याचं कळताच घरमालकांनी भाडी अशी चढवली होती की विचारायची सोय नव्हती. फिरत फिरत ती 'रूम खाली है' अशी पाटी असलेल्या एका घरासमोर थांबली. दार केवलरामने उघडलं. दोघांनी एकमेकांना ओळखलं. तिच्या मनगटावर त्याची बोटं अजून दिसत होती.

"दादाजी, किराया कितना है?" तिने विचारलं.

केवलराम दार अडवून उभा होता. मागून गुंजन आली. तिने पेटीची एक कडी धरली आणि म्हणाली, "आबाजी, बाजूला व्हा नं. जड हाये." केवलराम बाजूला झाला. भाडं त्याने मागच्या वर्षीचंच सांगितलं, आणि ते सांगताना टीनाकडे पाहिलं नाही.

दिवसा पेट्या फेकायच्या आणि संध्याकाळी त्याच पेटीला जागा द्यायची, हा प्रकार गल्लीला भलताच आवडला. लोक तोंडावर हसत. केवलराम हसणाऱ्याकडे एकदा बघे आणि हसणारा आपल्या कामाला लागे.

टीना आणि गुंजन मात्र महिन्याभरात एका ताटात जेवायला लागल्या. त्याच यादीत टीनाचा नंबर चौथा होता, तिला जागा मिळाली होती. फीसाठी तिच्या घरच्यांनी काय विकलं ते तिने कधी सांगितलं नाही. गुंजनचं सर्टिफिकेट मात्र आज देतो, उद्या देतो करत पोळ्यापर्यंत आलं. प्रवेशाची शेवटची तारीख होती पोळ्याचा दुसरा दिवस, दुपारी साडेचार. आणि पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे मारबतीचा.

नागपूरकडची माणसं जिथे जातील तिथे आपली मारबत आणि बडग्या घेऊन जातात. मारबत म्हणजे बाईचा पुतळा; बडग्या म्हणजे पुरुषाचा, कागदाचा, चिंध्यांचा मोठा पुतळा. वर्षाची रोगराई, भांडणं, नको ते सगळं त्याच्या गळ्यात बांधायचं, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून बोंबलायचं आणि वस्तीबाहेर नेऊन जाळायचा. नियम एकच. खांद्यावर घेतलेला बडग्या वाटेत थांबवायचा नाही, टेकवायचा नाही, मागे वळवायचा नाही. ज्याच्या दारात थांबला त्याच्या घरी सालभराची पीडा मुक्कामाला येते.

गल्लीचा बडग्या गेली तीस वर्षं केवलरामच करत होता. नागपूरला तो बांबूचा करतात. केवलराम पडला वेल्डर. बांबूला तो हात लावतो होय! घरबांधणीतल्या उरलेल्या सळया कापून तो सांगाडा वेल्ड करी, वर पोतं, त्यावर कागद. जाळल्यावर सांगाडा नाल्यातून परत आणून पुढच्या वर्षी वापरता येई. प्लांटमधल्या माणसांना यात काही वावगं वाटत नसे. हातात लोखंड असताना बांबू शोधत कोण फिरतो?

दरवर्षी बडग्याच्या गळ्यात पाटी असे. कधी डेंग्यू, कधी लाइट जाणं. यंदा पाटी टीनाने रंगवली आणि मराठी मजकूर गुंजनने सांगितला: 'फी-वाढ, सीट-कटौती, हॉस्टेल-बंदी घेऊन जा गे मारबत.'

केवलरामने पाटी वाचली. "हे काहाले लिवलं? गेटावर मी उभा राहीन नं."

"आबाजी, पीडा हायेच नं ते? मंग ईडा पीडात काय लिवू, मच्छर?"

त्याला हसू आलं. पण लगेच तो म्हणाला, "तू नको जाऊ मिरवणुकीत. तू सकाळपासून ऑफिसात बस. मी कागद आणून देतो तुले."

"साडेचारच्या आत, आबाजी."

"आत म्हंजे आत."

पहिली पाळी सुटून माणसं घरी आली, जेवली, आणि तीनच्या सुमाराला बडग्या उचलला गेला. नाल्याकडे जायचा रस्ता युनिवर्सिटीच्या गेटावरूनच जातो. युनिवर्सिटी नव्हती तेव्हापासून जातो. यंदा गल्लीच्या माणसांमागे विद्यार्थीही आले. हॉस्टेलमधून निघालेल्या मुली, जागा कापल्या गेल्याने बाहेर राहिलेली पोरं, दीडएकशे तरी होते.

गेटावर ओमप्रकाशने वीस गार्ड उभे केले होते. "पुतला जलाने आ रहे हैं कुलपति साहब का. गेट के सामने एक को भी मत आने देना. पैर तोड़ दो."

"साब, वो पुतला नहीं है," केवलराम म्हणाला. "हमारा बडग्या है. हर साल जाता है. उसको रोकते नहीं. सीधा निकल जाएगा नाले पे."

"आपको सर्टिफिकेट चाहिए कि नहीं?"

केवलरामने वळून पाहिलं. चाळीसेक फुटांवर, गेटाच्या आतल्या ऑफिसच्या खिडकीत, गुंजन फाईल छातीशी धरून बसली होती. तो दंडा घेऊन ओळीत उभा राहिला.

बडग्या आला. आठ जणांच्या खांद्यावर डुलत, पाटी मिरवत. गार्डांनी रस्ता अडवला. उचलणाऱ्यांना थांबता येत नव्हतं, कारण थांबायचं नसतं. गार्डांना वाटलं हे अंगावर येताहेत. पहिला दंडा बडग्याच्या पोटात बसला. कागद फाटला, पोतं फाटलं, आणि दंडा मधोमध मोडला.

"लोहा है! अंदर लोहा है!" गार्ड ओरडला.

"हथियार लाए हैं!" ओमप्रकाश किंचाळला. "मारो सालों को!"

मग जे सुरू झालं त्याला मिरवणूक म्हणत नाहीत. दंडे डोक्यावर, पाठीवर, गुडघ्यांवर पडू लागले. विटा आल्या. एका पोराच्या भुवईतून रक्ताची धार लागली आणि तो स्वतःचंच रक्त पाहून खाली बसला, तर बसलेल्यालाही दोन पडले. खांदे निसटले तसा बडग्या तिरपा झाला आणि सळईचं टोक एका गार्डचा गाल कानापर्यंत फाडून गेलं. त्याची किंकाळी ऐकून बाकीचे गार्ड पिसाळले. पळणाऱ्या मुलींच्या ओढण्या धरून त्यांना मागे खेचलं, डांबरावरून फरपटत नेलं.

आणि केवलराम? खोटं कशाला सांगू, त्याला बरं वाटत होतं. पहिला फटका त्याने मन मारून मारला, दुसरा सवयीने, आणि तिसऱ्यापासून त्याचा हात आपसूक चालू लागला. महिनोन्महिने सहीसाठी केलेली लाचारी त्या हातातून बाहेर पडत होती. समोर कोण आहे ते तो बघत नव्हता. एक खांदा दिसला, बडग्याखाली अजून टिकून राहिलेला एकुलता एक खांदा, आणि त्याने दंडा उतरवला. मध्ये एक हात आडवा आला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

ती टीना होती. ओरडली नाही. मोडलेल्या हाताकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. सगळे पळाले तरी तिने बडग्या सोडला नव्हता. नियम तिला गुंजनने सांगितला होता आणि तिने तो खरा मानला होता. आता मात्र बडग्या खाली आला. बरोबर गेटासमोर.

पोलिसांची गाडी आली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पळाले ते पळाले. सापडले ते पाच-सहा, त्यात टीना. ओमप्रकाशने सळया दाखवल्या. "ये देखिए, सरिया लेके आए थे. ये लड़की लीडर है. इसी का सामान है." जमादार लिहून घेऊ लागला. लोखंडी सळयांनी प्राणघातक हल्ला. असं कलम लागलं की युनिवर्सिटी नाव कापते, आणि कापलेलं नाव पुन्हा चढत नाही.

ओमप्रकाश केवलरामवर खूश होता. "काका, आपने तो कमाल कर दिया!" त्याने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथल्या तिथे सही मारली, शिक्का मारला. केवलरामने सर्टिफिकेट घडी करून खिशात घातलं. चार वाजून अठरा मिनिटं. खिडकीत गुंजन उभी होती आणि हाताने 'या, या' करत होती.

तो निघाला. दहा पावलं गेला असेल.

मागून टीनाचा आवाज आला, "झूठ है! पूछिए दादाजी से! ये किसने बनाया, दादाजी को मालूम है!"

आणि मग दुसरा आवाज आला. ओमप्रकाशने तिच्या कानाखाली वाजवली होती.

तो आवाज केवलरामने पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या घरात ऐकला होता. तो गर्रकन वळला. टीना कानावर हात धरून वाकली होती. दुसरा हात लोंबत होता. विचार असा त्याने केलाच नाही. तो चालत गेला आणि ओमप्रकाशच्या तोंडावर त्याने असा गुद्दा मारला की गॉगल फुटला, नाक फुटलं, आणि ओमप्रकाश जीपच्या चाकापाशी बसकन मारून बसला. केवलरामने त्याला कॉलर धरून उठवलं आणि आणखी एक दिला. दोन शिपायांनी त्याचे हात मागे ओढले तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडलं. हात आधी आणि तोंड मागून.

"सरिया मेरा है!" तो धापा टाकत म्हणाला. "मैंने बनाया है, मेरे घर में. जोड़ देख लो. पूरी रिसाली में ऐसा जोड़ दूसरा कोई नहीं मारता. तीस साल से यही बडग्या है. लिखो! और इस लड़की का हाथ भी मैंने तोड़ा. वो भी लिखो."

गल्लीची माणसं परत गोळा झाली होती. आता याच गल्लीत राहणारा शालिकराम पुढे आला आणि म्हणाला, हो, याचाच आहे. मग दहा जण म्हणाले. जमादाराने लिहिलेलं पान फाडलं आणि नवं घेतलं.

ओमप्रकाश उठला. नाकातलं रक्त हनुवटीवरून शर्टावर गळत होतं. शिपायांनी धरलेल्या केवलरामच्या खिशात त्याने हात घातला, सर्टिफिकेट काढलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर आधी दोन, मग चार तुकडे केले. केवलराम बैलासारखा ओढ घेत राहिला. शिपायांनी त्याला गाडीच्या पत्र्यावर दाबून धरलं. चार वाजून चोवीस मिनिटं झाली होती. खिडकीतली गुंजन बाहेर धावत आली, तोवर गाडी सुरू झाली होती.

दोन दिवसांनी नरेशने त्याला जामिनावर सोडवून आणलं. छोट्या हत्तीत पाण्याच्या जारांशेजारी बसवून. टीनाचं नाव कुठेच लागलं नव्हतं, केस केवलरामवर होती. नोकरी अर्थातच गेली होती.

अंगणात टीना पाटावर बसली होती, हात प्लॅस्टरमध्ये. मागे बसून गुंजन तिची वेणी घालत होती. सोमवारपासून टीनाचे क्लास सुरू होणार होते. केवलराम आत येताच टीना अर्धी वेणी तशीच घेऊन उठली आणि आपल्या खोलीत गेली. गुंजन उठली नाही. कंगवा हातात धरून बसून राहिली.

"मी खिडकीत होती, आबाजी," ती म्हणाली. "मले सगळं दिसून राहिलं होतं."

"ते पोरगी खोट्यात अडकत होती, बेटा."

"मले माहीत हाये. तुमी बोलले ते चांगलं केलं. मी काई नाई म्हणत त्याले." तिचा आवाज चढला. "पण सतरा-अठरा फूट होते फक्त! पयले कागद मले देता अन मंग जाता. दोन मिनिटं! नाई तर नुसतं बोलता. जमादाराले सांगता का सरिया माया हाये, झालं असतं. त्याले मारलं कावून? मारलं नसतं तर त्यानं कागद फाडला असता काय इतक्या लवकर? मी येऊन राहिली होती धावत!"

दोन दिवस कोठडीत त्याने ओमप्रकाशला मनातल्या मनात शंभर वेळा मारलं होतं. ही साधी गोष्ट एकदाही त्याच्या डोक्यात आली नव्हती.

गुंजन उठली आणि कंगवा तिने त्याच्या अंगावर फेकला. मग दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला लागली. सगळा जीव लावून मारत होती. नरेश फाटकात उभा होता, तो मध्ये पडला नाही. केवलराम हलला नाही. त्याला ते बरंच वाटत होतं. एवढ्यावर भागत असेल तर भागू दे, असं वाटत होतं.

"मार," तो म्हणाला. "मार मले, बेटा. अजून मार."

गुंजनचे हात जागच्या जागी थांबले. तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तुमाले मारून मले सीट भेटते काय, आबाजी?"

केवलराम तिच्यासमोर तसाच उभा राहिला. सदुसष्ट वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.